वर्णन लिहिण्याचे अवघड काम : केंब्रिजच्या कपाटापासून एआय एजंटपर्यंत

मे १९५२. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे संगणक क्षेत्रातील मंडळींची परिषद भरली होती. त्या परिषदेच्या इतिवृत्तात दोन पानांचा एक लहानसा निबंध छापलेला आहे. लेखक डेव्हिड व्हीलर, वय वर्षे पंचवीस, केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेत घडलेला तरुण. विषय 'सबरूटीन', म्हणजे निरनिराळ्या प्रोग्राममध्ये पुन्हा पुन्हा वापरता येईल असा सुटा तुकडा. त्यात व्हीलरने एक निरीक्षण नोंदवले आहे. तुकडा लिहून झाला, तपासून झाला, तरी काम संपत नाही. त्याची आतली रचना ज्याला ठाऊक नाही अशा माणसालाही तो सहज वापरता यावा, असे त्याचे वर्णन लिहायचे बाकीच असते. आणि हे शेवटचे कामच कदाचित सर्वांत अवघड ठरते.

सत्तरहून अधिक वर्षांनी या निरीक्षणाकडे पुन्हा वळण्याचे कारण असे, की त्या वर्णनाचा वाचक आता बदलला आहे. एआय एजंट म्हणजे असे लँग्वेज मॉडेल, ज्याच्या हाती काही साधने दिलेली असतात : फाइल उघडणे, माहितीसाठ्यात शोधणे, तिकीट आरक्षित करणे, पत्र पाठवणे. कोणते साधन केव्हा उचलायचे, त्यात कोणती माहिती भरायची, आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे सारे तो साधनासोबत जोडलेले वर्णन वाचून ठरवतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारण्याची सोय त्याला सहसा नसते. जे लिहिलेले आहे, तेवढेच त्याच्यापुरते खरे.

असा, न विचारू शकणारा वाचक संगणकाच्या इतिहासात प्रथमच अवतरला, असे मात्र नाही. त्याची वंशावळ थेट व्हीलरच्या प्रयोगशाळेपर्यंत जाते.

मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली केंब्रिजमध्ये उभारलेल्या 'एडसॅक' या यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालवला. यंत्र नुसते प्रदर्शनाचे नव्हते. ते विद्यापीठातील इतर शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडावे, हा विल्क्स यांचा आग्रह होता. जनुकांच्या वारंवारतेविषयीचे रोनाल्ड फिशर यांचे समीकरण १९५० मध्ये याच यंत्रावर सोडवले गेले. म्हणजे यंत्र वापरू पाहणारे लोक जीवशास्त्रातले, सांख्यिकीतले, स्फटिकशास्त्रातले. त्यांना वर्गमूळ काढणारा किंवा त्रिकोणमितीतील कोष्टके करणारा तुकडा स्वतः लिहीत बसण्यात रस नव्हता, आणि तो दुसऱ्याने कसा लिहिला आहे हे समजून घेण्याइतकी उसंतही नव्हती.

यावर प्रयोगशाळेने काढलेला तोडगा म्हणजे सबरूटीनांचे ग्रंथालय. प्रत्येक तुकडा कागदी पट्टीवर भोके पाडून नोंदवलेला आणि अशा पट्ट्या एका पोलादी कपाटात रचून ठेवलेल्या. हवी ती पट्टी काढायची, यंत्राने तिची नक्कल आपल्या पट्टीवर उतरवून घ्यायची आणि मूळ पट्टी जागेवर परत ठेवायची. १९५१ मध्ये असे ८७ तुकडे सर्वांसाठी उपलब्ध होते.

पण पट्टीवरची भोके वाचून ती काय करते हे कोणाला कळणार? कपाट उपयोगाचे ठरले ते पट्ट्यांसोबत ठेवलेल्या लेखी वर्णनांमुळे. १९५१ मध्येच विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रोग्रामिंगवरचे पहिले पाठ्यपुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याची रचना बोलकी आहे. दुसऱ्या भागात सबरूटीनांची फक्त वर्णने आहेत : तुकडा काय करतो, किती जागा व्यापतो, किती वेळ घेतो, संख्या कोठे ठेवायची, उत्तर कोठे मिळेल. प्रत्यक्ष प्रोग्राम तिसऱ्या भागात, आणि तेही निवडक तुकड्यांचे. वापरणाऱ्याला लागणारी माहिती वेगळी आणि करणाऱ्याला लागणारी वेगळी, ही सीमारेषा पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतच आखली गेली. पुढे १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी या रेषेला तत्त्वाचे रूप दिले : घटक वापरणाऱ्याला त्यासाठी आवश्यक ती सर्व माहिती मिळावी, आणि त्याहून अधिक काहीही मिळू नये. नियमाचा उत्तरार्ध बहुतेकांच्या स्मरणातून निसटतो.

यापुढचा टप्पा न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेचा.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली लिहावयास घेतली. पुढे त्यांना नवे यंत्र मिळाले ते मजकूर जुळवणीची व्यवस्था करून देऊ या आश्वासनावर. आणि तिचा पहिला मोठा वापर झाला तो प्रयोगशाळेच्या पेटंट विभागात, अर्ज टंकित करण्यासाठी. तेव्हा प्रणाली वापरणारे लोक मोजके, बहुतेक एकाच इमारतीतले. अशा ठिकाणी लेखी माहितीची गरज कोणालाच वाटत नाही. अडले तर दार ठोठावले की झाले. परंतु थॉम्पसन आणि रिची ज्यांच्या विभागात काम करत, त्या डग मॅकिलरॉय यांनी मॅन्युअलचा आग्रह धरला. ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची त्याची पहिली आवृत्ती आज उपलब्ध आहे.

या मॅन्युअलचा साचा पाहण्यासारखा आहे. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान. वर नाव. खाली 'सिनॉप्सिस', म्हणजे आज्ञा नेमकी कशी टंकित करायची त्याचा नमुना. त्यात ऐच्छिक भाग चौकोनी कंसात. मग वर्णन, संबंधित फाइली, हेही पाहा, चुकीचे संदेश. आणि शेवटी 'बग्ज' नावाचा रकाना, ज्यात साधनाचे ज्ञात दोष त्याच्या कर्त्यांनीच लिहिलेले असत. आपल्या वस्तूचे दोष तिच्याच माहितीपत्रकात छापणारा व्यापारी विरळा. येथे तो शिरस्ता झाला. पहिल्या आवृत्तीत आणखी एक रकाना होता : 'ओनर', म्हणजे या आज्ञेची जबाबदारी कोणाची. तिथे लेखकांची आद्याक्षरे किंवा टोपणनावे असत. आज्ञा, प्रणालीला केलेल्या विनंत्या, सबरूटीन अशी मॅन्युअलची क्रमांकित विभागणीही तेव्हाचीच. आजच्या लिनक्समध्ये एखाद्या नावापुढे कंसात २ किंवा ३ हा आकडा दिसतो, तो याच विभागांचा वारसा.

साच्यापेक्षाही मोलाची आहे ती या मॅन्युअलच्या परिणामांची हकिकत. मॅकिलरॉय यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले, की नवी आवृत्ती निघायची वेळ आली की प्रयोगशाळेत धांदल उडे. साधनातील ओबडधोबड गोष्टी कागदावर उतरू लागल्या की लिहिणाऱ्यालाच त्यांचा संकोच वाटे. हे छापून कसे द्यायचे? मग कोणी ते वैशिष्ट्य काढून टाकी, कोणी नवे घाली, हेतू एवढाच की त्याविषयी नीट बोलता यावे. म्हणजे मॅन्युअल साधनाचे वर्णन करता करता साधनालाच वळण लावत होते. जे सरळ वाक्यात सांगता येत नाही, ते बहुधा मुळातच वाकडे बनलेले असते. (सगळेच वाकडे सरळ झाले, असे मात्र नाही. नवी फाइल तयार करणाऱ्या 'क्रिएट' या विनंतीच्या स्पेलिंगमधून शेवटचे 'ई' अक्षर गळाले ते गळालेच. युनिक्स पुन्हा लिहायची झाली तर काय बदलाल, या प्रश्नावर थॉम्पसन यांनी हेच अक्षर जोडीन असे गमतीने सांगितल्याचे प्रसिद्ध आहे.)

या मॅन्युअलची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तो वाचणारा माणूस जाणकार आहे, हे त्यात गृहीत होते. मजकूर संपादित करणाऱ्या 'एड' या आज्ञेचे उदाहरण घ्यावे. वापरणाऱ्याने कोणतीही चूक केली, तरी तिचे उत्तर एकच : प्रश्नचिन्ह. फाइल नाही? '?'. आज्ञा चुकली? '?'. आणि सारे सुरळीत पार पडले तर युनिक्सची बहुतेक साधने काहीच बोलत नसत; मौन म्हणजे यश. मंद गतीच्या, कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपवर काम करणाऱ्या माणसाला ही मितभाषिता सोयीची होती. जुने कागद वाचणाऱ्यांना ही अडचण परिचयाची आहे : लिहिणाऱ्याच्या काळात जे सर्वांना ठाऊक होते, नेमके तेच कागदावर नसते.

वर्णनातील ही पोकळी प्राणांवर बेतू शकते, हे १९८६ मध्ये दिसले.

'थेरॅक-२५' हे कर्करुग्णांना किरणोपचार देणारे, संगणकाच्या नियंत्रणाखालचे यंत्र. बनवणारी संस्था अटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्राकडून अतिरिक्त किरणमात्रा दिली गेल्याच्या सहा घटना नोंदल्या गेल्या. त्यांत रुग्णांना गंभीर इजा झाल्या, काही दगावले. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे उपचार सुरू असताना यंत्र थांबले आणि पडद्यावर उमटले : 'मॅलफंक्शन ५४'. वापरकर्त्यांना दिलेल्या पुस्तिकेत या क्रमांकाचा काहीही खुलासा नव्हता. अन्यत्र दस्तऐवजात त्याचे स्पष्टीकरण होते तेही त्रोटक; त्याचा अर्थ लावला तर निघे तो असा, की दिलेली मात्रा एकतर फार जास्त झाली आहे किंवा फार कमी. पडद्यावर तर मात्रा कमी पडल्याचेच दिसत होते. यंत्र असे लहानसहान कारणांनी वारंवार थांबे आणि एक कळ दाबली की पुढे चालू लागे, ही सवय अंगवळणी पडलेली. कळ दाबली गेली. रुग्णाला दुसऱ्यांदा मारा बसला.

दोष मुळात प्रोग्राममध्ये होता आणि पूर्वीच्या यंत्रांतील स्वतंत्र सुरक्षा-अडसर या यंत्रात काढून टाकलेले होते. केवळ पुस्तिकेवर खापर फोडणे अन्यायाचे होईल. तरीही चूक कळवणाऱ्या संदेशातून वाचणाऱ्याने पुढे काय करावे हे कळले नाही, तर तो पूर्वी जे चालून गेले तेच पुन्हा करतो. माणूस असो वा एजंट.

यानंतर दहा-पंधरा वर्षांनी एक मोठे स्वप्न पाहिले गेले. इंटरनेट सर्वत्र पसरले होते. मग संगणकांनी एकमेकांच्या सेवा आपण होऊन का शोधू नयेत? मे २००१ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी 'सिमॅंटिक वेब'चे चित्र रंगवले. त्यात सॉफ्टवेअरचे एजंट एका वृद्ध आईसाठी वैद्यकीय उपचारांच्या वेळा जुळवून आणतात. त्याच सुमारास सेवांचे वर्णन यंत्राला वाचता येईल अशा साच्यात लिहिणारी 'डब्ल्यूएसडीएल' ही भाषा आली आणि 'यूडीडीआय' नावाची सार्वजनिक नोंदवही आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, सॅप या बड्या कंपन्यांनी चालवली. जगातील सेवा तेथे नोंदवल्या जातील आणि प्रोग्राम त्यातून हवी ती निवडतील, अशी कल्पना. जानेवारी २००६ मध्ये ही सार्वजनिक नोंदवही बंद झाली.

अपयशाची कारणे अनेक. पण एक कारण या विषयाच्या गाभ्याचे आहे. त्या भाषांत साधनाचा आकार काटेकोर सांगता येई : येथे पूर्णांक द्या, तेथे तारीख द्या. पण ही तारीख जाण्याची की परतीची, हे साधन केव्हा वापरावे, केव्हा टाळावे, एकदा चालवले तर उलटवता येते का, हे त्या साच्यात मावत नव्हते. ते साध्या वाक्यांतच सांगता येते आणि तेव्हाच्या यंत्रांना वाक्ये कळत नव्हती. म्हणून वर्णन पुन्हा माणसांकडेच आले. २०११ मध्ये सुरू झालेल्या 'स्वॅगर'ने, म्हणजे आजच्या 'ओपनएपीआय'ने, आकार आणि वाक्ये एकाच फाइलीत नांदवली. वाक्ये मात्र प्रोग्रामर वाचतील म्हणून लिहिलेली होती, आणि प्रोग्रामर वाचत नाहीत हे जाणून अनेकदा रिकामीही ठेवलेली.

लँग्वेज मॉडेल आले आणि ती रिकामी जागा एकाएकी मोलाची झाली. मार्च २०२३ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीसाठी 'प्लगइन' जाहीर केले. प्रत्येक प्लगइनसोबतच्या छोट्या फाइलीत दोन वेगळी रकाने होती : 'डिस्क्रिप्शन फॉर ह्यूमन' आणि 'डिस्क्रिप्शन फॉर मॉडेल'. एकाच साधनाचे माणसासाठी एक वर्णन आणि मॉडेलसाठी दुसरे. प्लगइन २०२४ मध्ये गुंडाळले गेले, परंतु त्या दोन रकान्यांची नोंद इतिहासाने ठेवावी अशीच आहे. जून २०२३ मध्ये 'फंक्शन कॉलिंग' आले. नाव, वर्णन आणि माहितीचा साचा या तीन गोष्टी दिल्या की मॉडेल साधन वापरू लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' खुला केला आणि साधने एजंटला जोडण्याची एक सामाईक पद्धत मिळाली.

याच काळातला सर्वांत उद्बोधक प्रयोग प्रिन्स्टन विद्यापीठातला. २०२४ मध्ये तेथील संशोधकांनी 'एसडब्ल्यूई-एजंट' सादर केला. प्रश्न असा : माणसासाठी घडवलेली साधने एजंटला जशीच्या तशी द्यावीत, की त्याच्यासाठी वेगळी घडवावीत? त्यांनी मॉडेलला हात न लावता साधने बदलली. फाइल पाहण्याचे साधन एका वेळी शंभर ओळीच दाखवी. शोधाचे निकाल पन्नासांहून अधिक झाले तर ते ओतून टाकण्याऐवजी शोध नेमका करण्यास सुचवी. संपादन केल्यावर वाक्यरचना मोडत असेल तर तो बदल स्वीकारलाच जात नसे आणि काय बिघडले तेही सांगितले जाई. २,२९४ प्रत्यक्ष सॉफ्टवेअर-तक्रारींच्या 'एसडब्ल्यूई-बेंच' या कसोटीवर याआधीच्या, साधनांशी संवाद न करणाऱ्या पद्धतीचा सर्वोत्तम निकाल ३.८ टक्के होता, तो १२.५ टक्क्यांवर गेला.

त्यातील एक बारकावा युनिक्सच्या इतिहासाशी थेट भिडतो. एखादी आज्ञा यशस्वी होऊन काहीच छापत नसेल, तर एजंटला मुद्दाम एक वाक्य दाखवले जाई : आज्ञा यशस्वीपणे पार पडली, तिने काही छापले नाही. १९७१ मधील माणसाला जे मौन पुरेसे होते, ते २०२४ मधील वाचकाला संदिग्ध ठरले.

आणि मॅकिलरॉय यांनी सांगितलेली ती धांदलही परतली. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकच्या अभियंत्यांनी एजंट घडवण्याविषयी जे लिहिले, त्यात एक अनुभव आहे. त्यांचा एजंट फाइलींचे पत्ते देताना चुकत असे. तो मूळ फोल्डरमधून दुसरीकडे गेला की सापेक्ष पत्ते फसत. पूर्ण पत्ताच दिला पाहिजे, असा बदल त्यांनी साधनात केला आणि ती चूक थांबली. एकूण सूचना लिहिण्यापेक्षा साधने सुधारण्यातच अधिक वेळ गेला, असेही ते नोंदवतात. दोनशे शब्दांचा इशारा लिहिण्याऐवजी इशाऱ्याची गरजच काढून टाकणे, हीच ती १९७१ ची रीत.

मात्र एका बाबतीत हा नवा वाचक जुन्या सर्व वाचकांहून वेगळा आहे. पेटंट विभागातील टंकलेखकाला मॅन्युअलमध्ये भलतेच काही वाचायला मिळाले असते, तर तो हसला असता. एजंट हसत नाही. त्याच्या दृष्टीने वर्णन आणि हुकूम हे दोन्ही एकाच प्रवाहातून येणारे शब्द. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या सुरक्षा-संशोधन संस्थेने 'टूल पॉयझनिंग' नावाचा हल्ला दाखवून दिला : दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या निरुपद्रवी साधनाच्या वर्णनातच, वापरकर्त्याच्या नजरेस सहसा न पडणाऱ्या जागी, त्याच्या खाजगी फाइली वाचून बाहेर पाठवण्याची सूचना पेरलेली. साधनातील प्रोग्राम कोणी चालवण्याआधीच वर्णनाने घात केलेला.

म्हणूनच मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या नियमावलीत, साधनाच्या वर्तनाविषयी जे सांगितलेले असते ते विश्वासू स्रोताकडून आले नसेल तर अविश्वसनीयच मानावे, असे म्हटले आहे. वर्णन कितीही स्वच्छ असो, ते कोणी लिहिले हा प्रश्न आता त्याच्याआधी येतो. १९७१ च्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक पानाच्या तळाशी त्याचे उत्तर होते. पुढील आवृत्त्यांतून 'ओनर' हा रकाना गळून पडला; सगळे एकमेकांना ओळखत होते, तेव्हा त्याची कोणाला उणीवही भासली नाही.